चाळिशीनंतर लायसन्स नूतनीकरण: फॉर्म १-ए साठी डॉक्टर नेमकं काय तपासतात?

सांजवारा

नमस्कार मंडळी. वडिलांच्या लायसन्सची मुदत दोन महिन्यांनी संपते आहे. वय ६१. लायसन्सवर गियरची मोटरसायकल आणि हलकं चारचाकी वाहन असे दोन वर्ग आहेत, दोन्ही खासगी. तब्येतीचं असं: दहा वर्षांपासून मधुमेह, त्यासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. रक्तदाबाला टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेत, डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे. डाव्या कानाने हल्ली थोडं कमी ऐकू येतं.

प्रश्न असे: डॉक्टर प्रमाणपत्र देताना नक्की काय बघतात? साखर किंवा रक्तदाब अमुक आकड्याच्या वर असला तर नाकारतात का? मधुमेह फॉर्ममध्ये लिहायचा का? आणि डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तर आत्ताच प्रमाणपत्र घ्यावं की थांबावं? एक एजंट म्हणतोय की डॉक्टरकडे जायची गरजच नाही, तो 'करून आणतो'. ते पटत नाही म्हणून इथे विचारतेय.

खिडकी_क्र_४

पटत नाही ते बरोबरच आहे. त्याकडे शेवटी येतो.

आधी दोन फॉर्ममधला फरक, कारण निम्मा गोंधळ तिथेच असतो. फॉर्म १ हे अर्जदाराचं स्वतःचं निवेदन. त्यावर वडिलांची सही. फॉर्म १-ए हे डॉक्टरचं प्रमाणपत्र. खासगी वाहनासाठी वयाची चाळीस वर्षं पूर्ण झाली की नूतनीकरणाला १-ए लागतं, व्यावसायिक म्हणजे ट्रान्सपोर्ट लायसन्सला वय काहीही असो, लागतंच. हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १५ मध्ये आहे आणि दोन्ही फॉर्म केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सोबत जोडलेले आहेत.

फॉर्म १ मध्ये हो-नाही असे प्रश्न आहेत: फेफरं, कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपणं किंवा चक्कर येणं आहे का; चांगल्या उजेडात २५ मीटरवरून, चष्मा असल्यास चष्म्यासह, मोटारीची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्याने वाचता येते का; हात किंवा पाय गमावला आहे का, त्यांच्या ताकदीत दोष आहे का; रंग ओळखण्यात दोष आहे का; रातांधळेपणा आहे का; साधा हॉर्न ऐकू येणार नाही इतका बहिरेपणा आहे का; आणि शेवटी, तुमच्या गाडी चालवण्याने लोकांना धोका होईल असा दुसरा एखादा आजार किंवा अपंगत्व आहे का.

१-ए मध्ये डॉक्टरला साधारण हेच विचारलंय: नजर, चष्म्याने ती सुधारते का, रंग, २५ मीटरची नंबरप्लेट, कान, रातांधळेपणा, हातापायांतला दोष. रक्तगट लिहिणं ऐच्छिक. साखरेचा किंवा रक्तदाबाचा आकडा लिहायला त्यात जागाच नाही, त्यामुळे 'अमुक आकड्याच्या वर गेला की नापास' असं काही नसतं. डॉक्टर आपल्या समाधानासाठी रक्तदाब मोजतील, ते वेगळं.

१-ए परत का येतो, तर बहुतेक वेळा वैद्यकीय कारणाने नाहीच. ओळखखुणा रिकाम्या राहतात. 'योग्य आहे' आणि 'योग्य नाही' ही दोन्ही वाक्यं छापलेली असतात, त्यातलं नको ते खोडायचं राहून जातं. सर्वांत जास्त चुकतं ते फोटोवर: डॉक्टरची सही अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर यायला हवी, असं फॉर्ममध्येच लिहिलंय. सही खाली नीट केलेली आणि फोटो कोराच, असे कागद खूप येतात. नोंदणी क्रमांक आणि शिक्का स्पष्ट हवा. आपल्या राज्याच्या वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक असलेला एमबीबीएस किंवा त्यावरचा डॉक्टर गाठा, म्हणजे पात्रतेचा वाद उद्भवत नाही.

महाराष्ट्रात सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी केलेले डॉक्टर हे प्रमाणपत्र थेट ऑनलाइन भरतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी सारथी पोर्टलवर राज्य निवडून लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकून नूतनीकरणाचा अर्ज भरा, अर्ज क्रमांक मिळवा आणि तो घेऊन डॉक्टरकडे जा. आधी डॉक्टर आणि मग अर्ज असं केलंत तर त्यांना नोंद करायला क्रमांकच नसतो आणि दुसरी फेरी पडते. नियमाप्रमाणे नूतनीकरणाचं शुल्क २०० रुपये, स्मार्टकार्डाचे आणखी २०० रुपये.

अर्ज अडकण्याची दोन नेहमीची कारणं. पहिलं, लायसन्स मुळात जुन्या पुस्तकी स्वरूपातलं असेल तर त्याची नोंद सारथीवर सापडत नाही. मग ज्या आरटीओने ते दिलं तिथे मूळ लायसन्स दाखवून बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या लायसन्सची सारथीवर नोंद, करून घ्यावी लागते. दुसरं, आधारवरचं नाव किंवा जन्मतारीख लायसन्सशी जुळत नाही. घरबसल्या आधार पडताळणीने अर्ज करणाऱ्यांचं इथेच अडतं. आधारशी जोडलेला मोबाइल चालू आहे ना, हे आजच बघून ठेवा.

मुदतीबद्दल लोकांच्या डोक्यात अजून जुने नियम आहेत. १ सप्टेंबर २०१९ पासून बदल असा: संपण्याच्या आधी एक वर्षापासून अर्ज करता येतो आणि संपल्यावर एक वर्षापर्यंत चाचणी न देता नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं की गाडी चालवून दाखवावी लागते. पण पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन्स चालू धरलं जायचं, ती सवलत त्याच दुरुस्तीत गेली. म्हणजे अर्जाला वर्षाची मुभा आहे, गाडी चालवायला एका दिवसाचीही नाही. ५५ च्या पुढे नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं.

आता एजंट. १-ए वर डॉक्टर लिहून देतो की मी या व्यक्तीला स्वतः तपासलं, दूरची नजर, कान, हातपाय आणि सांधे विशेष लक्ष देऊन पाहिले. न तपासता केलेली ती सही खोटी, आणि फसवणुकीने किंवा चुकीची माहिती देऊन मिळवलेल्या लायसन्सबद्दल कलम १९ खाली अपात्र ठरवता येतं. ही जोखीम एजंट उचलत नाही, लायसन्सधारकाच्या माथी येते.

आणि नकार आलाच तर तो लेखी मागा. कलम १७ खाली ३० दिवसांत अपील करता येतं.

भिंग

डोळ्यांचं मी सांगतो. थोडं लांबेल, पण तुमच्या वडिलांच्या बाबतीत सगळा प्रश्न डोळ्यांभोवतीच आहे.

२५ मीटरची नंबरप्लेट म्हणजे नेमकी किती नजर? मोटारीच्या पाटीवरचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच असतं. दवाखान्यातल्या तक्त्यावर ६/६ म्हणजे निर्दोष नजर, खालचा आकडा वाढेल तशी नजर कमी. ते गणित २५ मीटरवर नेलं तर ६/६ च्या ओळीचं अक्षर ३६ मिलिमीटर होतं, ६/९ चं ५५ आणि ६/१२ चं ७३. म्हणजे ६/९ वाचणारा माणूस पाटी वाचेल, ६/१२ ला अडखळणारा बहुधा वाचणार नाही. त्यातून पाटीवरच्या अक्षराची रेघ १० मिलिमीटर जाड असते, तक्त्यावरच्या अक्षराच्या प्रमाणात ती जरा बारीकच.

घरी करून बघा. ७५ सेंटिमीटरचं एक पाऊल धरून ३३ पावलं मोजा. सूर्य वडिलांच्या पाठीमागे असू दे, समोरून येऊ देऊ नका. आधी उजवा डोळा तळहाताने झाका (बोटांनी झाकलं की फटीतून दिसतं), मग डावा. पाठ असलेली स्वतःची गाडी नको, अनोळखी गाडी घ्या. दुचाकीची पाटी घेऊन परीक्षा करू नका: तिच्या मागच्या पाटीवर अक्षरं ३५ आणि आकडे ४० मिलिमीटरचे असतात, त्यासाठी जवळजवळ ६/६ नजर लागते. ती वाचता आली नाही म्हणून लोक विनाकारण घाबरतात.

आता वेळेचं. ऑपरेशनला तीन आठवडे झालेत म्हणजे डोळा अजून स्थिरावतोय. फेको, म्हणजे छोट्या छेदातून बिनटाक्याचं ऑपरेशन, असेल तर चष्म्याचा अंतिम नंबर साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढतात, टाके असतील तर आणखी थांबतात. आत्ता काढलेल्या नंबरावर चष्मा करून प्रमाणपत्र घेतलंत तर महिन्याभरात तो चष्माच बदलावा लागेल.

दुसरं, नंबर काढायच्या आधीचे काही आठवडे साखर आटोक्यात हवी. साखर चढलेली असली की डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगात पाणी भरतं, ते फुगतं आणि नंबर उणेकडे सरकतो. साखर उतरली की तो पुन्हा मागे येतो. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात कृत्रिम भिंग आहे, त्याला हे होत नाही, पण डाव्याला होईल.

तिसरं, दोन डोळ्यांतला फरक. उजव्याचा नंबर ऑपरेशननंतर शून्याजवळ आला असेल आणि डावा मोतीबिंदूमुळे उणे तीनवर असेल, तर चष्म्यात दोन डोळ्यांना वस्तू लहान-मोठ्या दिसतात. एकेका डोळ्याने पाटी छान वाचता येते, पण दोन्ही उघडे ठेवले की डोकं जड होतं, पायरी चुकते, शेजारून जाणाऱ्या गाडीचं अंतर हुकतं. हे कुठल्याच फॉर्मवर दिसत नाही.

रातांधळेपणाच्या प्रश्नाला लोक हमखास चुकीचं उत्तर देतात. अंधुक उजेडात वस्तूच न दिसणं, ठेचकाळणं, सिनेमागृहात खुर्ची न सापडणं हा रातांधळेपणा; अ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा पडद्याचा आनुवंशिक आजार ही त्याची कारणं. समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती तारे फुटणं, उजेड पसरून रस्ता पुसट होणं हे मोतीबिंदूचं लक्षण. डॉक्टरला 'रात्री दिसत नाही' एवढंच सांगितलं तर ते पहिलं समजतील. नीट वर्णन करा.

आणि जे फॉर्ममध्ये नाही पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते: नजरेचं क्षेत्र, म्हणजे समोर बघत असताना बाजूचं किती दिसतं. काचबिंदूत कडेची नजर आधी जाते, मधली शेवटपर्यंत शाबूत राहते. असा माणूस ६/६ वाचतो, पाटी वाचतो, प्रमाणपत्र मिळवतो आणि डावीकडून आलेली सायकल त्याला दिसत नाही. मधुमेहामुळे पडद्यावर लेझरचे बरेच डाग दिले असतील तरी कडेचं क्षेत्र आणि रात्रीची नजर कमी होते. दहा वर्षांचा मधुमेह आहे तर डोळ्याचा दाब आणि पडदा तपासून घ्याच, शंका वाटली तर पेरिमेट्री, म्हणजे नजरेच्या क्षेत्राची यंत्रावरची चाचणी.

घरी ढोबळ अंदाज घेता येतो. समोरासमोर हाताच्या अंतरावर बसा. त्यांनी डावा डोळा झाकायचा, तुम्ही उजवा. दोघांनी एकमेकांच्या उघड्या डोळ्यात बघत राहायचं. तुम्ही बोट हलवत बाहेरून आत आणा: वरून, खालून, उजवीकडून, डावीकडून. तुम्हाला दिसलं आणि त्यांना बऱ्याच उशिरा दिसलं तर तपासणीला जा. मात्र यात सगळं नीट आलं म्हणजे काचबिंदू नाही असं समजू नका, सुरुवातीचा दोष या खेळात सापडत नाही.

स्टेथो

मधुमेह लिहायचा का, याला सरळ उत्तर: फॉर्म १ मध्ये मधुमेह नावाने विचारलेला नाही, पण चक्कर आणि शुद्ध हरपणं 'कोणत्याही कारणाने' असं विचारलंय. त्यामुळे गेल्या काही महिन्यांत साखर उतरून भोवळ आली असेल तर ती तिथे येते. डॉक्टरला तर सगळी औषधं दाखवाच. त्याने लायसन्स जात नाही, उलट डॉक्टरला काय विचारायचं ते कळतं.

मेटफॉर्मिनने एकट्याने साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. ग्लिमेपिराइडने उतरते, कारण ते जेवण झालं असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवायला लावतं. सकाळी गोळी घेतली, नाश्ता राहिला आणि गाडी काढली, हा नेमका घातक क्रम. ७० मिलिग्रॅमच्या खाली साखर गेली की ती कमी मानतात, पण स्टिअरिंगवर बसायच्या आधी ९० च्या वर हवी. ९० च्या खाली असेल तर काही खाऊन मग निघायचं. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी मोजायची.

त्यांच्या यादीत मेटोप्रोलॉल आहे, ते मुद्दाम सांगतो. साखर उतरताना हात थरथरणं, छाती धडधडणं या ज्या सूचना शरीर देतं, त्या या गोळीने दबतात. घाम मात्र येतो. म्हणून त्यांना सांगून ठेवा: गाडी चालवताना कारण नसताना घाम फुटला, किंवा ओळखीचा फाटा चुकला, तर गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, चालकाच्या जागेवरून उठायचं. तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, म्हणजे साधारण १५ ग्रॅम होते. १५ मिनिटांनी मोजायचं, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. साखर जागेवर आल्यावरही ४५ मिनिटं चालवायचं नाही. यंत्रावरचा आकडा सुधारतो तेव्हा मेंदू अजून मागे असतो, ब्रेकवर पाय उशिरा जातो.

पायांचं पण बघा. दहा वर्षांच्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते. १० ग्रॅमच्या नायलॉनच्या तंतूने अंगठा आणि चवड्याला स्पर्श करून ते तपासतात, दोन मिनिटांचं काम आहे. पॅडलवर किती दाब दिलाय ते पायाला कळत नसेल तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटरमध्ये घोटाळा होतो. १-ए भरणारा डॉक्टर ताकद बघेल, सांधे हलवून बघेल, संवेदना बघेलच असं नाही. तुम्ही सांगून करून घ्या.

उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का तेही विचारा. झोपून आणि मग उभं राहून तीन मिनिटांत रक्तदाब मोजायचा, वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर गोळ्यांचा डोस किंवा वेळ बदलावी लागते. ही चक्कर दुरुस्त होणारी आहे, ती घेऊन फॉर्म भरायला जाऊ नका.

फेफऱ्याचं मात्र वेगळं. तिथे 'इतकी वर्षं झटका नाही' म्हणून सूट देणारी रेघ फॉर्ममध्ये नाही. तुमच्या वडिलांचा तो प्रश्न नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाचा असेल म्हणून लिहिलं. झोपेच्या, सर्दीच्या आणि नसांच्या दुखण्याच्या गोळ्यांचं, म्हणजे क्लोनाझेपाम, क्लोरफेनिरामिन, प्रिगॅबालिन वगैरेंचं, असंच आहे: फॉर्म त्याबद्दल गप्प आहे आणि रस्त्यावर डुलकी त्यांनीच लागते.

सांजवारा

तिघांचेही मनापासून आभार. आज सकाळीच पाटीची परीक्षा केली. उजव्या डोळ्याने चष्म्याशिवायही वाचली. डाव्याने चष्मा लावूनही नाही, सतरा-अठरा पावलांवर आल्यावर वाचता आली. दोन्ही उघडे ठेवले की व्यवस्थित वाचतात. एवढं चालेल ना? आणि कानाचं राहिलं.

भिंग

सतरा पावलं म्हणजे जेमतेम १३ मीटर. डावा डोळा ६/१८ च्या आसपास आहे असं धरा, थोडा कमीच. हा मोतीबिंदू 'सुरू झालेला' नाही, ऑपरेशनच्या टप्प्यावर आलेला आहे.

खिडकी_क्र_४

'दोन्ही उघडे ठेवून वाचलं' हे पुरेसं आहे असं समजू नका. १-ए मध्ये डॉक्टरला नजरेबद्दल एकत्र विचारलंय, पण फॉर्म १ मध्ये, जिथे सही वडिलांची आहे, तिथे 'प्रत्येक डोळ्याने' असे शब्द आहेत. एका डोळ्यावर भागवायची सवलत आहे, पण ती फार अरुंद: लायसन्स किमान पाच वर्षं जुनं, त्यानंतर एका डोळ्याची दृष्टी गेलेली, वाहन हलकं आणि खासगी, स्टिअरिंगच्या बाजूला बाहेरचा आरसा. मोटरसायकल तिच्यात बसत नाही. आणि तुमच्या वडिलांची दृष्टी गेलेली नाही, दुरुस्त होणारी आहे.

म्हणून माझं मत: घाई करू नका. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी, लायसन्स नंतर. मुदत संपून काही आठवडे गेले तरी वर्षाच्या आत अर्ज केला तर चाचणी द्यावी लागत नाही. फक्त मधल्या काळात किल्ली त्यांच्या हातात नको. मुदत संपलेल्या लायसन्सवर अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

भिंग

सहमत. पहिला डोळा शांत असेल, लाली किंवा दाब नसेल, तर दुसऱ्याचं ऑपरेशन बहुतेक सर्जन काही आठवड्यांत करतात. ते झालं की दोन डोळ्यांतला नंबराचा फरकही मिटतो. मग चार ते सहा आठवडे थांबून दोन्हींचा नंबर एकदमच, चष्मा एकदाच.

बाहुली मोठी करायचे थेंब घातलेल्या दिवशी प्रमाणपत्राला जाऊ नका. ट्रॉपिकामाइडचा परिणाम चार ते सहा तास राहतो, सायक्लोपेंटोलेटचा दिवसभर. भर उन्हात बाहुली उघडी राहिली की पाटी पांढरीफटक दिसते.

स्टेथो

कान. एकाच कानाने कमी ऐकू येणं हळूहळू सुरू झालं असेल तर आधी मळ बघा, या वयात फार वेळा तोच निघतो. मळ मऊ करायचे थेंब तीन ते पाच दिवस घालून मग डॉक्टरकडून काढून घ्यायचा. काडी घालू नका, त्याने मळ आणखी आत ठासला जातो. पडद्याला भोक असेल किंवा कान वाहत असेल तर थेंबही विचारल्याशिवाय नकोत. मात्र एका कानाने एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासं झालं असेल तर मळ समजून थांबू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

लायसन्सपुरतं म्हणाल तर फॉर्म विचारतो तो 'साधा हॉर्न ऐकू येणार नाही इतका' बहिरेपणा. डॉक्टर मागे उभं राहून, एक कान बंद करून, हाताच्या अंतरावरून कुजबुजत आकडे म्हणतील आणि ते पुन्हा म्हणायला लावतील. हलक्या वाहनाला श्रवणयंत्र चालतं. ते वापरत असतील तर तपासणीला लावूनच जायचं, बॅटरी नवी घालून.

लालहिरवा

याच धाग्यात विचारतो. वय ४२, खासगी चारचाकी, १-ए पहिल्यांदाच लागतंय. इशिहाराच्या पुस्तकात (रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायची चाचणी) निम्म्या पाट्या वाचता येत नाहीत. लायसन्स जाईल का? रंग दिसायला लावणारे चष्मे मिळतात, ते घालून तपासणी दिली तर?

भिंग

चष्मा घालून देऊ नका. तो रंगांची जाणीव दुरुस्त करत नाही, काही रंग गाळून दोन छटांमधला उजेडाचा फरक वाढवतो. त्यामुळे पुस्तकातले आकडे वाचता येतात, पण गळणाऱ्या उजेडामुळे रात्री रस्ता आणखी काळा होतो.

नियम तुमच्या बाजूने बदललाय. जून २०२० मध्ये फॉर्म १ आणि १-ए मध्ये दुरुस्ती होऊन सौम्य ते मध्यम रंगांधळेपणाला लायसन्सची वाट मोकळी झाली. अडचण अशी की इशिहारा फार कडक आहे. तो दोष आहे की नाही हे अचूक सांगतो, किती आहे हे नीट सांगत नाही. निम्म्या पाट्या चुकल्या म्हणजे दोष तीव्र, असं होत नाही. त्यासाठी फार्न्सवर्थ डी-१५ ही चाचणी मागा: पंधरा रंगीत टोप्या छटेप्रमाणे ओळीने लावायच्या. ती जमली तर दोष सौम्य किंवा मध्यम. नेत्रतज्ज्ञाचा तसा लेखी अहवाल घेऊन मग १-ए भरणाऱ्या डॉक्टरकडे जा. नुसतं पुस्तक घेऊन बसलेला डॉक्टर 'लाल-हिरवा ओळखत नाही' असं लिहून मोकळा होतो आणि ते खोडून घेणं कठीण जातं.

इशिहारा पुन्हा दिलात तर दिवसाच्या उजेडात द्या, पुस्तक ७५ सेंटिमीटरवर, प्रत्येक पाटीला तीन सेकंद. पिवळट बल्बखाली चांगल्या नजरेचा माणूसही चुकतो. रंगीत किंवा उन्हात काळी होणारी काच नको.

दोष कुठल्या प्रकारचा आहे तेही अहवालात लिहून घ्या, कारण चालवताना फरक पडतो. हिरव्याच्या जाणिवेत दोष असणाऱ्याला लाल दिवा तितकाच प्रखर दिसतो, फक्त छटा गोंधळते. लालच्या जाणिवेत दोष असणाऱ्याला लाल दिवा मुळातच मंद दिसतो, म्हणून पुढच्या गाडीचा ब्रेकलाइट उशिरा लक्षात येतो. अशा माणसाने पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवायचं आणि तिच्या खिडकीतून पलीकडची गाडीही बघत राहायचं. सिग्नलला वरचा लाल, मधला पिवळा, खालचा हिरवा हे दिवसा पुरतं. रात्री खांब दिसत नाही, एकटा दिवा हवेत लटकलेला दिसतो, तेव्हा तो वरचा की खालचा ते कळत नाही. तिथे वेग कमी करून शेजारच्या रांगेकडे बघा.

सांजवारा

सर्जनशी बोलणं झालं. डाव्या डोळ्याचं पुढच्या आठवड्यात ठरलंय. चष्म्याचा नंबर मिळाला की अर्ज भरून १-ए साठी जाऊ. तोवर आरटीओत काही कळवून ठेवावं लागतं का?

खिडकी_क्र_४

नाही. मुदत संपल्याच्या तारखेपासून वर्षाच्या आत अर्ज, एवढंच. तोवर आधार आणि लायसन्सवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघा आणि सारथीवर लायसन्स क्रमांक टाकून नोंद निघते का तेवढं आजच तपासा. निघाली नाही तर बॅकलॉगसाठी आत्ता हातात वेळ आहे.